दहा मिलिग्रॅम चांदीचा हिशेब

तुळस, कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता, पेरू, जास्वंद, कोरफड. विज्ञान महाविद्यालयातल्या एमएस्सीच्या प्रकल्पांची यादी चाळली की परसात फेरफटका मारल्यासारखं वाटतं. झाडाचं नाव तेवढं बदलतं, पुढचे शब्द तेच: ‘पानांच्या अर्कापासून चांदीच्या नॅनोकणांचं हरित संश्लेषण’, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक चांदीचे कण पाल्याच्या मदतीने तयार करणं. कृतीही ठरलेली. दहा ग्रॅम पानं धुवून चिरायची, १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये दहा मिनिटं उकळायची, व्हॉटमन १ नंबरच्या फिल्टर पेपरमधून काढा गाळायचा. त्यातला १० मिली काढा ९० मिली सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात टाकायचा. या द्रावणाची तीव्रता १ मिलिमोलर, म्हणजे लिटरला ०.१७ ग्रॅम. तासाभरात ते पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला हे मोजणाऱ्या यंत्रावर, ४२० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान उंचवटा दिसला की कण झाले. विषारी रसायन वापरलं नाही, म्हणून ते हिरवे.

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे. बीकरमध्ये काय ओतलं एवढ्यावरून पद्धत हिरवी ठरत नाही. एक ग्रॅम माल हातात पडेपर्यंत वीज किती गेली, पाणी किती गेलं, धातू किती वाया गेला, मोरीत काय उतरलं आणि या सगळ्याच्या बदल्यात आधीची कोणती घाण टळली, हे मांडल्याशिवाय तो शब्द वापरूच नये. प्रकल्प जनतेच्या पैशातून होत असेल तर हा हिशेब प्रबंधात पानभर तरी असलाच पाहिजे, अशी सक्ती हवी.

वरच्याच कृतीचे आकडे घेऊ. ९० मिली १ मिलिमोलर द्रावणात चांदी असते ९.७ मिलिग्रॅम. सगळीच्या सगळी कणांत उतरली असं धरलं तरी हाताशी येणार दहा मिलिग्रॅमहून कमी. हे कण पाण्यातून बाहेर काढायला सेंट्रिफ्यूज १०,००० आरपीएमवर वीस मिनिटं, प्रत्येक वेळी नवं डिस्टिल्ड वॉटर घालून तीनदा फिरवायचा. मशीन एक किलोवॉटचं धरलं तर तासाभरात अर्धा युनिट तरी जातो. मग ओव्हनमध्ये ६० अंशाला रात्रभर. एक किलोवॉटचा ओव्हन थर्मोस्टॅटमुळे पाव वेळच चालू राहतो असं मानलं, तरी बारा तासांचे तीन युनिट. म्हणजे दहा मिलिग्रॅमला साडेतीन युनिट, ग्रॅमला साडेतीनशे. ओव्हनमध्ये आणखी दहा जणांच्या पेट्री डिश असतील तर त्या भागाला दहाने भागा, माझी हरकत नाही. तरी सेंट्रिफ्यूजचेच ग्रॅमला पन्नास युनिट उरतात. पानं उकळण्याचा खर्च यात धरलेलाच नाही, कारण तो किरकोळ आहे: १०० मिली पाणी उकळीला आणायला ३० किलोज्यूलच्या आसपास लागतात, म्हणजे एका युनिटचा शंभरावा भागही नाही. पद्धतीचा सगळा भार पाण्यातून कण वेगळे करण्यात आहे, आणि त्या पायरीला पान काहीच मदत करत नाही.

आता हेच किलोवर नेऊ. एक किलो चांदीचे कण हवे असतील तर १ मिलिमोलर द्रावण लागेल सव्वानऊ हजार लिटरहून थोडं जास्त, त्यात हजार लिटर काढा, आणि त्या काढ्याला शंभर किलो पाला. उन्हाळ्यात वस्तीवर पाण्याचा जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो पूर्ण भरून. एवढं पाणी सेंट्रिफ्यूज करायचं. द्रावण दाट करावं म्हटलं तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, म्हणून तर प्रयोगात ते इतकं पातळ ठेवतात. ‘पद्धत स्वस्त, सोपी आणि मोठ्या प्रमाणावर नेण्याजोगी’ हे वाक्य निष्कर्षात हमखास असतं. ते लिहिणाऱ्याने हा टँकर एकदा डोळ्यांसमोर आणावा.

आणि तुलना कोणाशी? काढ्याच्या जागी क्षारातली चांदी धातूच्या रूपात आणणारं, प्रस्तावनेत दुष्ट ठरवलेलं रसायन बहुतेक वेळा सोडियम बोरोहायड्राइड असतं. ते निरुपद्रवी नाही. कोरडी पूड ओलाव्याने पेट घेण्याइतका हायड्रोजन सोडते, हाताळताना काळजी लागते. पण लागतं किती? चांदीच्या दुप्पट मोल धरले तर १०० मिलीला साडेसात मिलिग्रॅम. बर्फाच्या पाण्यात पाच मिनिटांत काम होतं आणि मागे बोरेट राहतं. दुसरी रूढ पद्धत सोडियम सायट्रेटची. टर्केविचने ती १९५१ साली सोन्यासाठी वापरली, ली आणि मायझेल यांनी १९८२ साली चांदीसाठी. पाणी, धातूचा क्षार, सायट्रेट, उकळी, बस्स. सायट्रेट म्हणजे सरबताच्या बाटलीवर आणि चीजच्या डब्यावर घटकांच्या यादीत छापलेलं असतं तेच. २००३ साली ग्लुकोज आणि स्टार्च वापरून चांदीचे कण केल्याचंही प्रसिद्ध झालं: एक क्षपण करतं, म्हणजे क्षारातली चांदी धातूच्या रूपात आणतं, दुसरं कणांना चिकटू देत नाही, दोन्ही शुद्ध आणि दोन्ही वाण्याकडे मिळण्यासारखी. ज्या घातक पद्धतीला पर्याय म्हणून पाल्याचा काढा आणला, ती पद्धत पाण्यातल्या चांदीच्या बाबतीत फारशी घातक नव्हतीच.

यावर कोणी म्हणेल, मग पुण्यात झालेलं कामही फुकट का? नाही. २००१ ते २००४ या काळात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं, ते वाचल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये. व्हर्टिसिलियम बुरशीच्या पेशीत चांदीचे कण तयार होतात हे त्यांनी दाखवलं. मग फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी पेशीबाहेरच ते तयार करते हे दाखवलं, म्हणजे पेशी फोडून कण काढायची कटकट संपली. त्यापाठोपाठ जिरेनियम आणि कडुनिंबाची पानं आली. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे सपाट त्रिकोण काढले. गोल कण कोणीही करतो. त्रिकोण का होतात, कणांच्या पृष्ठभागावर काढ्यातलं काय बसतं, गोल कण एकमेकांत मिसळून सपाट पत्रा कसा बनतो, असे प्रश्न त्या कामात होते. तिथे गवती चहा काहीतरी असं करत होता जे सायट्रेट करत नव्हतं. त्यानंतर वीस वर्षांत झाडं बदलत गेली आणि प्रश्न गळून पडला. आता पेरूच्या पानाने काय वेगळं केलं असं विचारलं तर उत्तर येतं, ‘पेरूवर हे काम आधी झालं नव्हतं.’

काढ्याची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. काढा म्हणजे एक रसायन नव्हे, शे-दोनशे रसायनांची खिचडी. त्यात फिनॉलिक पदार्थ असतात, साखरा असतात, प्रथिनं असतात, आणि क्लोराइडही असतं. चांदी आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो, आणि तो बसायला फार क्लोराइड लागत नाही. लिटरला ३५ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे १ मिलिमोलर, म्हणजे बीकरमधल्या सगळ्या चांदीला पुरून उरेल इतकं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड चालतं. म्हणजे पानं धुताना शेवटचं पाणी नळाचं वापरलं, किंवा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन नीट विसळला नाही, तरी घात होतो. पानातलं क्लोराइड तर राहतंच. सिल्व्हर क्लोराइड उजेडात जांभळट राखाडी होतं, त्याच्या पृष्ठावर चांदीचे कण धरतात, आणि द्रावण तपकिरी दिसायला तेवढं पुरतं.

एक्स-रे डिफ्रॅक्शनचा, म्हणजे स्फटिकाच्या ठेवणीवरून पदार्थ ओळखण्याच्या चाचणीचा, आलेख काढला की हे उघडं पडतं. तांब्याच्या एक्स-रे नळीवर चांदीची शिखरं ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना येतात. त्यांच्यासोबत २७.८, ३२.२ आणि ४६.२ला शिखरं दिसली तर ते सिल्व्हर क्लोराइड आहे. कितीतरी प्रबंधांत ही तीन शिखरं ‘कणांभोवतीच्या जैविक पदार्थांची’ म्हणून सोडून दिलेली असतात. जैविक पदार्थ नेमके मिठाच्या स्फटिकासारखी ठेवण घेऊन का बसतील, असा प्रश्न तोंडी परीक्षेत कोणी विचारत नाही. तपासणं तसं सोपं आहे: थोडासा साका पातळ अमोनियात हलवा, सिल्व्हर क्लोराइड विरघळून जाईल, धातूची चांदी राहील. पण हे अमोनियातलं चांदीचं द्रावण त्याच दिवशी नायट्रिक अॅसिड घालून आम्ल करून टाका. ठेवून दिलं तर त्यात काळा स्फोटक साका धरतो, आणि तो नुसत्या धक्क्यानेही फुटतो. ‘हिरव्या’ प्रयोगाच्या पुस्तिकेत ही सूचना सहसा नसते.

दुसरी फसवणूक सामूची, म्हणजे पीएचची. काढ्याचा सामू वाढवला की क्रिया झटपट होते आणि कण लहान होतात. आठ-नऊपर्यंत ते खरंही आहे. साडेनऊच्या पुढे गेलात की सिल्व्हर ऑक्साइड बसायला लागतं, तेही तपकिरी. रंग बघून समाधान मानणाऱ्याला फरक कळत नाही.

तिसरी गोष्ट ऋतूची. जूनमधली कोवळी पानं आणि एप्रिलमधली निबर पानं यांच्यात फिनॉलिक सारखं नसतं. ‘दहा ग्रॅम पानं’ हे माप त्यामुळे जवळजवळ निरर्थक आहे. मापायचं असेल तर फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने गॅलिक अॅसिडच्या तुलनेत फिनॉलिकचं प्रमाण काढा आणि काढा त्यानुसार पातळ करा. मग दुसऱ्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला तो प्रयोग जमेल. काढा फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवला तरी आठवड्याच्या आत वापरावा. बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि मग कण पानाने केले की बुरशीने हा नवाच वाद.

जंतुनाशक गुणाची चाचणी हा या प्रबंधांचा शेवटचा अंक. कागदाच्या चकतीवर द्रावण टाकलं, भोवती जंतू वाढले नाहीत, कण गुणकारी. पण न धुतलेल्या द्रावणात उरलेले चांदीचे आयन असतात आणि जंतू मारायला ते एकटे पुरे पडतात. सेंट्रिफ्यूजनंतर वर राहिलेलं निवळ पाणी दुसऱ्या चकतीवर, नुसता काढा तिसऱ्या चकतीवर आणि तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट चौथ्यावर टाकल्याशिवाय श्रेय कणांना देता येत नाही. कणांच्या आकाराचीही तीच गत. प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार काढणाऱ्या डीएलएस यंत्रात हे विखुरणं आकाराच्या सहाव्या घाताने वाढतं, म्हणून १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका दिसतो. गाळणीतून सुटलेला पाल्याचा एक तुकडा आला तरी सरासरी बिघडते.

चांदीपेक्षा झिंक ऑक्साइडची गोष्ट मला जास्त खटकते. कृती अशी: ५० मिली काढा तापवायचा, त्यात ५ ग्रॅम झिंक नायट्रेट घालायचं, आटवून लगदा करायचा, आणि मफल भट्टीत ४०० अंशाला दोन तास ठेवायचं. पांढरी पूड मिळते. पण झिंक नायट्रेट ४०० अंशाला पानाशिवायही झिंक ऑक्साइडच देतं. पान इथे क्षपण करत नाही (झिंकचं क्षपण करायचंच नसतं), ते जळण म्हणून जळतं. नायट्रेट त्या जळणाला ऑक्सिजन पुरवतं. नायट्रेटमधला नायट्रोजन लालसर धूर होऊन भट्टीच्या धुराड्यातून जातो. ५ ग्रॅम झिंक नायट्रेटमधून झिंक ऑक्साइड मिळतं १.३७ ग्रॅम, आणि सगळा नायट्रोजन त्या धुरात गेला तर नायट्रोजन डायऑक्साइड होतो दीड ग्रॅम. मालापेक्षा धूर जड. पाल्यामुळे त्यातला काही भाग साध्या नायट्रोजनमध्ये बदलत असेल, पण किती, हे मोजलेलं नसतं. काढा न घालता तीच कृती एकदा करून बघणं, एवढा साधा कंट्रोलही बहुतेकांत नसतो.

यापेक्षा जुनीच पद्धत घ्या. कृषी सेवा केंद्रात मिळणारं झिंक सल्फेट साडेपस्तीस ग्रॅम शुद्ध करून पाण्यात विरघळवा, निर्जल धुण्याचा सोडा तेरा-चौदा ग्रॅम वेगळ्या पाण्यात, आणि दुसरं पहिल्यात थेंबथेंब ढवळत सोडा. पांढरा साका बसतो. गरम पाण्याने तीन-चारदा धुवा, गाळलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकून पांढरं दिसेनासं होईपर्यंत. ३०० अंशाला तापवलं की दहा ग्रॅम झिंक ऑक्साइड. हिलाही खर्च आहे: साडेसतरा ग्रॅम सोडियम सल्फेट पाण्यात जातं आणि पाणी खारट होतं, थोडा कार्बन डायऑक्साइड सुटतो. पण नायट्रोजनचा धूर नाही, भट्टी शंभर अंशांनी कमी, आणि काय कुठे गेलं ते ग्रॅममध्ये सांगता येतं. ही पद्धत कोणी ‘हरित’ म्हणून छापणार नाही, कारण शीर्षकात झाडाचं नाव नाही.

बदल खरंच हवा आहे तो तिसरीकडेच. ग्राफाइटचं ऑक्सिडेशन करून त्याचे थर सुटे केले की मिळतं ते ग्राफीन ऑक्साइड घ्या. हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ सालची कृती आजही थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते: १०० ग्रॅम ग्राफाइट, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर तीव्र सल्फ्युरिक अॅसिड, ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. परमँगनेट भसकन टाकलं आणि मिश्रण तापलं तर मँगनीजचं हिरवट तेलकट ऑक्साइड स्फोट करू शकतं, म्हणून ते बर्फात ठेवून चमच्याचमच्याने घालायचं. आता मागे राहिलेलं बघा. तीनशे ग्रॅम परमँगनेटमध्ये १०४ ग्रॅम मँगनीज, म्हणजे ग्राफाइटहून जास्त. सल्फ्युरिक अॅसिड सव्वाचार किलो. ते मारायला चुना तीन किलोवर, आणि त्यातून जिप्सम निघणार सव्वासात किलो, मँगनीजने मळलेलं. नायट्रेटमुळे पुन्हा तोच लाल धूर. वर धुताना ग्राफीन ऑक्साइड पाणी पिऊन जेलीसारखं फुगतं आणि फिल्टर तुंबतो, त्यामुळे पाण्यालाही अंत नाही.

आणि या विषयात ‘हरित’ म्हणून काय छापलं जातं? चहाच्या पत्तीने, हिबिस्कसने किंवा व्हिटॅमिन सीने ग्राफीन ऑक्साइडचं क्षपण. या क्षपणाला रूढ असलेलं हायड्रॅझिन विषारी आहे, त्याऐवजी व्हिटॅमिन सी वापरणं चांगलंच. इथे पर्यायाने खरोखर एक घातक वस्तू काढून टाकली, म्हणून त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आधीच्या दिवशी हमर्सच्या बीकरमध्ये जे झालं ते गिळून टाकायचं आणि फक्त शेवटच्या पायरीवर हिरवा शिक्का मारायचा, याला हिशेब म्हणत नाहीत. अर्ध्या मार्गाने सुधारणा २०१० साली झाली: सोडियम नायट्रेट काढून टाकलं, सल्फ्युरिकमध्ये नवाला एक या प्रमाणात फॉस्फोरिक अॅसिड घातलं, लाल धूर गेला. अॅसिड आणि मँगनीज राहिलेच.

पूर्ण वेगळा विचार २०१४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गटाने केला. ग्राफाइटचं ऑक्सिडेशन करायचंच नाही. पाण्यात साबणासारखा पदार्थ घालून जोराने घुसळायचं, थर आपोआप सुटतात. स्वयंपाकघरातला मिक्सर आणि भांडी घासायचं लिक्विड वापरूनही त्यांनी ते करून दाखवलं. एका फेरीत फार कमी थर सुटतात हा तोटा, पण न सुटलेलं ग्राफाइट खाली बसतं आणि पुन्हा घालता येतं. शिवाय हे ग्राफीन ऑक्साइड नव्हे, थरांचं ग्राफीन आहे. ज्याला पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट हवेत त्याचं काम यात भागत नाही. ज्याला नकोत, त्याने हमर्सच्या वाटेला जायचं कशाला?

आपल्याकडे पाल्यापेक्षा कितीतरी मोठं काम धानाच्या कोंड्यात, म्हणजे तुसात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या राइस मिलमध्ये धानाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका कोंडा निघतो, आणि तो जाळला की त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख. टनभर धानाला साधारण चाळीस किलो राख, तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका. कोंडा बॉयलरमध्ये तसाही जळतो, म्हणजे राखेसाठी वेगळी भट्टी पेटवायला नको. २००९ साली बाजारात आलेल्या टाटा स्वच्छ या पाण्याच्या फिल्टरमध्ये याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते, आणि तो विजेशिवाय चालत होता. कचऱ्यातून नॅनोपदार्थ म्हणतात तो हा.

इथेही करणाऱ्याला सगळं सोपं नाही. राखेतलं पोटॅशियम सिलिकाला लवकर वितळवतं आणि कार्बन आत कोंडला जातो. म्हणून पांढरी सिलिका हवी असेल तर कोंडा आधी पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडात तासभर उकळून धुतात. जाळायचं ६०० ते ७०० अंशांत. भट्टी आठशेच्या वर गेली की अस्फटिक सिलिकाचं क्रिस्टोबलाइट हे स्फटिक रूप व्हायला लागतं, आणि ती धूळ फुप्फुसाला सिलिकोसिस देते. बॉयलरमधली राख याच कारणाने सरसकट वापरता येत नाही. आधी एक्स-रे डिफ्रॅक्शनवर तपासावी, २२ अंशांपाशी पसरट टेकडी असेल तर चालेल, टोकदार सुळका असेल तर सोडून द्यावी.

मग राख कॉस्टिक सोड्यात शंभर अंशांच्या आसपास उकळून सोडियम सिलिकेट करायचं. कारखान्यात हेच सिलिकेट वाळू आणि सोडा एकत्र वितळवून करतात, त्याला भट्टी हजार अंशांच्या कितीतरी वर न्यावी लागते. बचत नेमकी इथे आहे, आणि ती डिग्रीत मोजता येते. सिलिकेटमध्ये अॅसिड सोडून सिलिका पाडताना घाई केली तर भांडंभर दही लागतं. ८० अंशाला, जोरात ढवळत, हळूहळू सामू उतरवावा लागतो. सल्फ्युरिक वापरलं तर किलोभर सिलिकामागे पाऊण-एक किलो सोडियम सल्फेट मागे राहतं, म्हणजे पुन्हा खारं पाणी. त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड सोडला तर सोडियम कार्बोनेट मिळतं, त्यात चुना घातला की कॉस्टिक परत हाती येतं आणि तेच पुन्हा राखेला वापरता येतं. विदर्भातल्या विद्यापीठांनी या शेवटच्या वळणावर, कॉस्टिक किती टक्के परत मिळतं आणि दहाव्या फेरीला त्यात काय साचतं यावर, दहा प्रबंध दिले तर मी ते आनंदाने वाचेन. शीर्षक कंटाळवाणं असेल.

हरकत येते ती बहुतेक वेळा अशी: तालुक्याच्या महाविद्यालयात टीईएम (कण दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नाही, आयसीपी (धातूचं सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) नाही, अनुदान दहा-वीस हजारांचं, पाल्याचा काढा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढंच परवडतं. विद्यार्थ्याने करायचं काय? हा मुद्दा खरा आहे, आणि शिकवण्यासाठी हा प्रयोग उत्तम आहे. रंग डोळ्यांदेखत बदलतो, द्रावणाची तीव्रता आणि प्रकाशाचं शोषण यांचा बिअर-लॅम्बर्टचा नियम समजतो, हात साफ होतो. पण शिकवायचा प्रयोग वेगळा आणि संशोधन म्हणून छापायचा वेगळा. आणि हिशेबाला टीईएम लागतच नाही; तराजू, मेजरिंग सिलिंडर आणि प्लगला लावायचं साधं वीजमीटर लागतं. ते मीटर सेंट्रिफ्यूजला लावून आकडा लिहून ठेवणं हे आपल्याकडच्या कित्येक पेपरांत नसलेलं, आणि तालुक्याच्या महाविद्यालयाला सहज जमणारं काम आहे.

खरी आडकाठी मोजणीची नाही, मोजदादीची आहे. यूजीसीने २०२२च्या नियमांत पीएचडीसाठी शोधनिबंधाची सक्ती काढली, पण नेमणुकीत आणि बढतीत पेपर मोजायची सवय गेली नाही. झाड बदललं की नवा पेपर, हे गणित त्या सवयीत चपखल बसतं. म्हणून बदल मार्गदर्शकाच्या उपदेशाने होणार नाही. तो अनुदानाच्या अर्जात आणि प्रबंधाच्या नमुन्यात व्हायला हवा. ‘हरित’ शब्द शीर्षकात असेल तर चार आकडे सक्तीचे: ग्रॅम मालामागे वीज, पाणी, टाकाऊ पदार्थ, आणि आत घातलेल्या धातूपैकी हाती किती टक्के आला. रॉजर शेल्डनने १९९२ साली ई-फॅक्टर नावाचं साधं माप दिलं: एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधउद्योग ते वापरतो. नॅनोकणांच्या बाबतीत ते हजारांत जाईल, जाऊ दे. निदान लिहिलेलं तरी असेल. सोबत काढ्याशिवायचा कंट्रोल, आणि कोणत्या घातक वस्तूची जागा घेतली हे एका वाक्यात. जागा घेतलीच नसेल तर तो शब्द शीर्षकातून जाईल, प्रबंध राहील.

चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. चांदी-सोन्याच्या बाबतीत पर्यावरणावरचा मोठा भार खाणीत आणि धातू शुद्ध करण्यात पडून गेलेला असतो, बीकरपर्यंत येण्याआधीच. तिथे क्षपणाला लिंबू वापरलं की बोरोहायड्राइड, याने फार फरक पडत नाही. किती धातू वाया गेला याने पडतो. आणि वाया गेलेली चांदी मोरीतून जिथे जाते, तिथे डॅफ्नियासारख्या पाणपिसवांना लिटरला काही मायक्रोग्रॅमही सोसत नाहीत.

त्यामुळे प्रयोगशाळेत एक गडद रंगाची बाटली ठेवावी, ‘चांदीचा कचरा, अमोनिया घालू नये’ अशी चिठ्ठी लावून. सेंट्रिफ्यूजचं वरचं पाणी, फसलेली द्रावणं, पहिल्या धुण्याचं पाणी सगळं त्यात. भरली की थोडं नायट्रिक अॅसिड घालून कण विरघळवायचे आणि लिटरला ग्रॅमभर मीठ टाकायचं. मूठभर नको, जास्त मिठात सिल्व्हर क्लोराइड पुन्हा विरघळायला लागतं. रात्रीत पांढरा साका तळाशी बसतो. वरचं पाणी निवळ झालं की त्यात मिठाच्या पाण्याचा आणखी एक थेंब टाकून बघायचा; गढूळ झालं नाही तर चांदी उतरली. साका गाळून, वाळवून, वजन करून वहीत तारखेसह लिहायचा. वर्षाच्या शेवटी त्या वजनाची बेरीज आणि विकत आणलेल्या सिल्व्हर नायट्रेटची पावती, दोन्ही शेजारी ठेवता येतात.